भाकरीचं वजन

आमच्या घरची तांदळाची भाकरी 140 ग्रॅम भरते, हे मला वयाच्या 46व्या वर्षी कळलं. छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला, ओट्यावर ठेवला आणि तव्यावरची भाकरी फडक्यात धरून त्यावर टाकली. आई परातीत पुढचा गोळा मळत होती. तिने काट्यावरचे लाल आकडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "भाकर हाय का सोनं? तोलतंस कशाला?"

कशाला, ते सांगतो. माणकोलीच्या एका गोदामात मी सुपरवायझर आहे. तिथे रक्ततपासणीचं शिबिर लागलं. फुकट आहे म्हणून मीही हात पुढे केला. उपाशीपोटी साखर निघाली 118, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.2. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण काठावर आहात. उपाशीपोटीची 126 किंवा सरासरीची 6.5 झाली की पलीकडे. मी म्हटलं, "साहेब, माझं वजन 64 किलो. मी जाडा कुठे आहे?" त्यांनी टेप काढून माझ्या पोटाला गुंडाळली. 96 सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90च्या आत हवी म्हणे. हातपाय काड्या आणि पोटाला मडकं, असा मी.

घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. 'लॅन्सेट'मध्ये 2004 साली छापून आलेला. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी एक, बीएमआय 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. बाहेरून बारीक, आतून जाड. मला जरा बरं वाटलं. एवढा मोठा डॉक्टर माझ्याच पंगतीला बसलेला!

तरी प्रश्न राहिलाच. माझा बापूस एका बैठकीला चार भाकऱ्या खायचा, वर भात. त्याला काही झालं नाही. आई हेच ऐकवते. पण बापूस पहाटे शेतावर जायचा, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करायचा आणि कापणीला भाताचे भारे डोक्यावरून खळ्यावर आणायचा. त्या शेतावर आता इमारत आहे. मी दिवसभर खुर्चीत बसून बारकोडची बीप ऐकतो आणि पॅकिंगच्या पोरांबरोबर सहा कटिंग प्यायचो. शेत विकलं, ताट तेवढं विकायचं राहिलं.

सुरुवात चालण्याने केली. आमच्या कोन गावातून निघायचं आणि दुर्गाडीच्या पुलावर जाऊन परत यायचं. पहाटे पुलावर खाडीचा वारा मस्त लागतो, समोर किल्ला दिसतो. पण तिथवर पोचायचं म्हणजे कल्याण-भिवंडी रस्त्याच्या कडेने चालायचं, ट्रेलरच्या धुरात आणि धुळीत. सातव्या की आठव्या दिवशी एका ट्रेलरचा आरसा खांद्याला घासून गेला. अर्धा फूट इकडे असतो तर साखरेची चिंताच मिटली असती. त्या दिवसापासून रस्ता सोडला. आता रात्री जेवण झालं की गावातल्या गल्ल्यांमधून पंधरा-वीस मिनिटं फिरतो. जेवल्यावर लगेच चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर ती तितकी उसळत नाही. बायकोही येते. निम्मा वेळ ओळखीच्यांशी बोलण्यात जातो, तेवढ्यापुरतं जागच्या जागी पाय हलवतो. लोक हसतात.

रोज दहा हजार पावलं काही माझ्याने होत नाहीत. नंतर वाचलं की तो आकडा 1965च्या सुमाराला जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. कुठल्या डॉक्टरने ठरवला नव्हता. मग पाच-सहा हजारांवर मी खूश.

खाण्यात मोठं काही केलं नाही. एका मित्राने दिवसातून दोनदाच जेवण्याचा नेम धरला होता, तो मीही धरला, तर चौथ्या दिवशी चक्कर आली. मग फक्त तीन भाकऱ्यांची दीड केली. आधी पालेभाजी किंवा काकडी, मग मासे, भाकरी शेवटी. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला. सुकट आणि सुके बोंबील सुटणं शक्य नाही, पण बायको ते गरम पाण्यात दोनदा धुते आणि कालवणात वरून मीठ घालत नाही. दिवसाचं मीठ एक चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि आमच्याकडे तेवढं सुकटीतच असायचं.

खरी परीक्षा हळदीची. आमच्या आगरी लोकांत लग्नाइतकीच हळद मोठी. मटण, भाकऱ्या, बँजो, आणि "जेवला नायस? रागावलास का?" असं विचारणारी शंभर माणसं. मे महिन्यात एका आठवड्यात चार हळदी होत्या. पहिल्या हळदीला मी नेम सांगत बसलो, कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या हळदीला ताट घ्यायच्या आधी बँजोपुढे दोन तास नाचलो. रात्री मोबाइल बघितला तर 11,300 पावलं! मग एक भाकरी आणि चार फोडी मटण खाल्लं, रश्श्यावरची तर्री बाजूला सारून. ताट घेऊन जेवतच होतो, त्यामुळे कोणीही रागावलं नाही.

आठ महिन्यांनी एचबीएवनसी 5.8 आली. अजून काठच म्हणायचा, पण अलीकडे सरकलोय. कंबर 91.

यात एक गोष्ट मात्र आईकडून शिकलो. ती 73 वर्षांची आहे. ओट्यापाशी उभं राहून तिला भाकरी थापता येत नाही. खाली बसते, शेगडीही खाली. उकड मळते, परातीत गोळा ठेवून पाण्याच्या हाताने थापत फिरवते, आणि सात-आठ भाकऱ्या झाल्या की कशाचाही आधार न घेता सरळ उभी राहते. मी एकदा तिच्या शेजारी मांडी घालून बसलो. उठताना दोन्ही हात टेकले, शिवाय ओट्याची कड धरली. तेव्हापासून डायनिंग टेबल मुलीच्या अभ्यासाला दिलं आणि मी खाली बसून जेवतो.

काल उठताना एकच हात टेकला. आई बघत होती, बोलली काही नाही. काटा मात्र तिने मसाल्याच्या डब्यांमागे सारलाय. त्याची आता गरजही नाही. माझ्यासाठी गोळा घेताना ती स्वतःच त्यातला थोडा चिमटून परातीत परत टाकते.