बाणाची जुनी पिसं उतरवताना

माझी भाची धनुर्विद्या शिकते. कंपाउंड धनुष्य. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिच्याबरोबर सराव करणाऱ्या एका ताईने आपले १२ जुने कार्बनचे बाण तिला दिले. नवे घेणं माझ्या बहिणीला झेपणारं नव्हतं. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात बाण बनवणाऱ्या आणि मारणाऱ्याबरोबर तो हाती देणाऱ्यालाही सवाब सांगितलाय. मला ती ताईच आठवली.

बाणांची पिसं मात्र फाटलेली होती. पिसं म्हणायची एवढंच, आता ती प्लास्टिकची असतात. त्यांच्याखाली नळीला गुंडाळलेला चकचकीत कागदही कडांनी सुटला होता. "मामू, ये निकलता नै," म्हणत भाचीने दाढीचं पातं काढलं. ते मी आधी काढून घेतलं.

कार्बनची नळी म्हणजे राळेत घट्ट बसवलेले बारीक तंतू. पात्याचा आडवा घाव बसला की तंतू तुटतात. वरून नुसता ओरखडा दिसतो, पण बाण सोडताना धनुष्याचा सगळा जोर त्याच नळीवर येतो. तिथे ती फुटली तर चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

आधी नॉक ओढून काढला. उर्दूत या मागच्या खाचेला सूफार म्हणतात आणि पुढच्या टोकाला पैकान. वर्गात हे शब्द मी फळ्यावर लिहीत आलोय, वस्तू हातात पहिल्यांदा आली. मग पातेल्यात पाणी गरम केलं आणि फक्त पिसांकडची बाजू वाफेवर धरली, तीही थोडाच वेळ. फार तापवलं तर राळ कमजोर होते, आणि टोक बहुधा उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने चिकटवलेलं असतं. कागद मऊ पडला की नखाने कड उचलायची आणि तिरकं, सावकाश सोलायचं. पिसांसकट सगळं सालीसारखं निघतं. जिथे फाटलं, तिथे बोथट सुरी नळीच्या लांबीने फिरवली. उरलेला गोंद खिडकी उघडी ठेवून अॅसिटोनच्या फडक्याने पुसला. प्लास्टिकचा नॉक अॅसिटोनने खराब होतो, म्हणून तो आधीच काढायचा.

स्वच्छ नळ्या एकेक करून कानाशी धरल्या, टोकं तोंडापासून लांब ठेवून हलक्या वाकवल्या, फिरवून पुन्हा वाकवल्या. ११ गप्प राहिल्या. एकीतून बारीक 'कट्' आला. कागद होता नेमक्या त्याच जागी केसासारखी चीर होती.

"सिर्फ प्रॅक्टिसकू रखूं?"

"नै."

ती रुसली. स्पर्धेला बाण कमी पडतील, हा तिचा हिशेब चूक नव्हता. मी त्या नळीवर लाल टेप गुंडाळला, तिच्या हाताने दोन जागी करवतीने कापून घेतली, आणि आम्ही उरलेल्या ११ ना पिवळी पिसं चिकटवायला बसलो.