आईची गाडी

"ऑटोमॅटिक गाडी म्हणजे आळशी माणसाची गाडी" हे आमच्या बाबांचं लाडकं वाक्य. दुसरं लाडकं वाक्य, "गियर टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही." चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने असं म्हटलं की आपण गप्प बसायचं असतं. मीही बसायचो.

बाबांकडे 1999 ची झेन होती. कोथरूड ते डेक्कन हा त्यांचा रोजचा रस्ता. आता ज्यांनी 2018-19 साली कर्वे रस्ता पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मेट्रोचं खोदकाम, दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले, मधे उरलेल्या चिंचोळ्या जागेतून बस, रिक्षा, टू-व्हीलर आणि आपण. पहिला गियर, क्लच, दुसरा, क्लच, ब्रेक, परत पहिला... एकदा मी शेजारी बसून बाबा किती वेळा क्लच दाबतात ते मोजायला लागलो. शंभरानंतर सोडून दिलं, तेव्हा आम्ही जेमतेम नळ स्टॉपला पोचलो होतो.

जुन्या गाडीचा क्लच जडही होतो. आणि बाबांचा डावा गुडघा तर झेनपेक्षा जुना! 2019 मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, वाटी बदलावी लागेल. त्याच वर्षी झेनचं रजिस्ट्रेशन परत एकदा रिन्यू करायला आलं होतं (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं). गुडघा आणि गाडी, दोघांचा निकाल एकदमच लागला म्हणायचा.

डॉक्टरांनी सहज विचारलं, "गाडी गियरची आहे का?" डाव्या पायाचं ऑपरेशन असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर पुन्हा गाडीवर बसणं लवकर जमतं, कारण त्या पायाला काही कामच नसतं. उजवा पाय असता तर गोष्ट वेगळी. हे ऐकल्यावर बाबांचा विरोध जरा मावळला. आळशी माणसाची गाडी घ्यायचं ठरलं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण बरेच जण अजूनही विचारतात. आपल्याकडे लहान ऑटोमॅटिक गाड्या पूर्वीही होत्या. झेनच निघाली होती तशी, नंतर सँट्रो, आय टेन. पण त्या महाग पडायच्या आणि पेट्रोल जास्त प्यायच्या, त्यामुळे मध्यमवर्गीय माणूस तिकडे बघायचाही नाही. चित्र बदललं ते फेब्रुवारी 2014 मध्ये, मारुतीने सेलेरियो आणली तेव्हा. त्यांनी डोकं असं लढवलं की गियरबॉक्स साधाच ठेवला, आपल्या नेहमीच्या गाडीत असतो तसाच पाच गियरचा. फक्त क्लच दाबायचं आणि गियर बदलायचं काम तुमच्या-माझ्याऐवजी एक यंत्र करतं. मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचं ते तंत्र. याला एएमटी म्हणतात. साध्या गाडीपेक्षा तेव्हा साधारण 40 हजार जास्त, आणि कंपनीने सांगितलेलं मायलेज दोन्हींचं सारखंच, लिटरला 23.1. लोकांनी एवढ्या उड्या मारल्या की गाडीसाठी महिनोन् महिने थांबावं लागत होतं. मग अल्टो, वॅगन आर, नॅनो, क्विड, टियागो सगळ्यांतच हे आलं.

फुकट काहीच मिळत नाही म्हणा. एएमटी गियर बदलताना मान डोलावते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एक छोटासा हेलकावा बसतो, जणू गाडी "बरं बरं" म्हणतेय. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय त्या क्षणी किंचित सैल केला की हेलकावा कमी होतो, पण हे कळायला आठवडा जातो. घाईत ओव्हरटेक करायला जाल तर ती आधी विचार करते, मग पळते. आमच्या गाडीला महागड्या ऑटोमॅटिकसारखी 'पी' नावाची जागाही नाही, त्यामुळे हँडब्रेक ओढायची सवय हवीच. आणि चढावर उभं राहायचं तर ब्रेकवर. अ‍ॅक्सिलरेटर थोडासा दाबून गाडी धरून ठेवायची नाही. आत क्लच आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच, आणि तो जळतोच.

असो. आम्ही सेलेरियो घेतली. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी गाडी दारात आली आणि बाबांनी सोसायटीत चार फेऱ्या मारून "ठीक आहे" एवढं सर्टिफिकेट दिलं. मग ऑपरेशन झालं, बाबा घरी आले, आणि मग खरा प्रश्न समोर आला. सहा आठवडे त्यांना गाडी चालवायला बंदी. फिजिओथेरपीला कोण नेणार? मी हिंजवडीत, सकाळी सातला घर सोडणारा. रिक्षात चढायचं म्हणजे गुडघा नको तितका दुमडायचा, शिवाय कोथरूडातून जवळच्या अंतराला रिक्षावाला 'हो' म्हणेल याची गॅरंटी काय!

आई म्हणाली, "मी नेते."

आम्ही दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती विमान चालवते म्हणाली.

आईकडे कारचं लायसन्स होतं, 1999 पासून. झेन आली तेव्हा मोटार स्कूल लावून काढलेलं. त्यानंतर वीस वर्षं ते फक्त रेल्वेत ओळखपत्र म्हणून वापरलं गेलं. झालं असं होतं की शिकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पौड फाट्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे हॉर्न सुरू. शेजारून बाबा, "हाफ क्लच! हाफ क्लच घे अगं! सोड हळू! हळू म्हटलं ना!" गाडी परत बंद. तिसऱ्यांदा आईने हँडब्रेक ओढला, खाली उतरली, फिरून डाव्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका तिकडे." घरात तेव्हापासून ठरून गेलं की आईला ड्रायव्हिंग जमत नाही. धीर होत नाही तिला.

आता गंमत बघा. हीच बाई 1988 पासून किनेटिक होंडावर आख्खं पुणं फिरत होती. मला पुढे उभं करून, मागे भाजीच्या पिशव्या लावून, लक्ष्मी रोडवरून, ऐन गणपतीत! ती गाडी 1984 ची, पुण्याच्याच फिरोदियांची. बटन दाबलं की सुरू, ना क्लच ना गियर. आतला पट्टा आणि पुली आपोआप जमवून घ्यायच्या. पुण्यातल्या किती बायका त्या स्कूटरवरून नोकऱ्यांना गेल्या, पोरं शाळेत सोडून आल्या. म्हणजे आमच्या घरात ऑटोमॅटिक गाडीचा सगळ्यात जास्त अनुभव आईलाच होता, आणि आम्ही तिलाच म्हणत होतो की तुला धीर नाही! धीर तिला भरपूर होता. नव्हता तो फक्त डाव्या पायाचा क्लच.

एका रविवारी पहाटे साडेपाचला मी तिला घेऊन निघालो. "डावा पाय आत ओढून ठेव, त्याला आजपासून सुट्टी. उजवाच पाय, ब्रेकवर नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरवर." बस, एवढंच शिकवलं. ब्रेक सोडला की गाडी मुंगीच्या पावलाने आपोआप पुढे सरकते, हे बघून ती एवढी खूश झाली की दहा मिनिटं नुसती मैदानाभोवती सरकत राहिली. चौथ्या रविवारी आम्ही पौड फाट्याच्या पुलावर गेलो. माझ्याच पोटात गोळा होता. ती सरळ वर चढून पलीकडे उतरली आणि विचारलं, "हाच का तो पूल?"

नंतर आई रोज बाबांना फिजिओला नेऊ लागली. बाबा डावीकडे, पाय लांब करून. पहिल्या दिवशी सवयीने त्यांनी तोंड उघडलं, पण बोलणार काय? "क्लच दाब" म्हणायची सोय नाही, "गियर टाक" म्हणायची सोय नाही. शेवटी म्हणाले, "अगं, हॉर्न दे." :)

दोन महिन्यांनी बाबा पुन्हा चालवायला लागले, आणि ज्या विषयावर घरात बोलायचं टाळत होतो तो आला. गियरच्या गाडीत गोंधळ झाला तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तर ती पळत सुटते. एप्रिल 2019 मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात नेमकं हेच झालं होतं. चालवणारा माणूस 87 वर्षांचा, आणि एक तरुण आई आणि तिची छोटी मुलगी गेली. ज्या सोयीने बाबांना गाडी परत मिळाली त्याच सोयीला हीसुद्धा बाजू आहे, आणि गाडी मीच घेऊन दिलेली. आपल्याकडे पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि डॉक्टरांचा दाखला जोडायचा. तो दाखला किती बारकाईने तपासून मिळतो हे आपण सगळेच जाणतो. म्हणजे खरी तपासणी घरातच व्हायला हवी. वडिलांना "किल्ली द्या" कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

ते काम आईनेच केलं, तेही न बोलता. मोतीबिंदू झाल्यावर बाबांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायला लागला, तेव्हा संध्याकाळी बाहेर पडताना ती आधीच खाली जाऊन उजव्या सीटवर बसायला लागली. बाबा चपला घालून खाली येईपर्यंत गाडी सुरू. पहिल्यांदा ते दोन मिनिटं दाराशी उभे राहिले, वॉचमनने सांगितलं मला. मग फिरून डावीकडे गेले. आता दिवसा बाबा, अंधार पडला की आई, असं चाललंय. सीट पुढे-मागे करण्यावरून मात्र रोज भांडण असतं. बाबा उंच, आई पाच फूट, आणि गाडीतून उतरताना सीट पूर्वीसारखी करून ठेवायचं सौजन्य दोघांपैकी एकाकडेही नाही.