कोड मशीनने लिहिला, तपासणार कोण?

हल्ली नात्यातल्या कुठल्याही लग्नाला गेले की जेवताना एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘आपा, पोरीला कॉम्प्युटरला घालावं की नको? ते काम आता मशीनच करतं म्हणे.’’ मी अठरा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, म्हणून उत्तर मलाच ठाऊक असेल असा सगळ्यांचा समज. प्रश्न साधा नसतो. त्यामागे बँकेचे शैक्षणिक कर्ज असते, मोडलेल्या बांगड्या असतात आणि ‘मुलीला एवढं शिकवून करायचं काय’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आईने घातलेला वादही असतो.

मशीन कोड लिहिते, हे खरेच आहे. 2021 मध्ये गिटहब कोपायलट आले तेव्हा ते अर्धी ओळ पुरी करून द्यायचे. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि आता साध्या भाषेत मागणी सांगितली की पानेच्या पाने कोड समोर येतो. आमच्या ऑफिसात दिवसभराचे काम कधीकधी चहा निवायच्या आत होते. मीही ते वापरते. नाकारण्यात शहाणपण नाही.

पण झालेले काम बरोबर आहे का, हा प्रश्न वेगळा. मागच्या वर्षी काही शाळांचे जुने दाखल रजिस्टर संगणकावर चढवायचे होते. जुन्या यादीत पूर्ण नाव एकाच रकान्यात, नव्या प्रणालीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने एआयकडून कोड करून घेतला. नेटका होता, चाचणीच्या सगळ्या नावांवर चालला. पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव, मधले सगळे वडिलांचे.

आता यात ‘अब्दुल रहमान इस्माईल शेख’ घालून बघा. मुलगा झाला नुसता ‘अब्दुल’ आणि त्याचे वडील ‘रहमान इस्माईल’. मराठवाड्याकडे लिहितात तसे ‘शेख’ आधी लिहिले तर पोराचे नावच शेख. चाचणीच्या यादीत असे एकही नाव नव्हते आणि कोडमध्ये लाल अक्षरात कुठलीही चूक दिसत नव्हती. माझ्या माहेरी ‘अब्दुल’ने सुरू होणारी तीन नावे आहेत, म्हणून माझी नजर तिथे अडकली. ती अडकली नसती तर काय झाले असते हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. दहावीच्या अर्जावर एक नाव, आधारवर दुसरे, मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, शिष्यवृत्तीसाठी हेलपाटे. एआय काही आपल्यावर डूख धरून नव्हते. नावे अशीही असतात हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि माहीत नसताना थांबून विचारण्याऐवजी त्याने बिनदिक्कत उत्तर दिले.

वेगाचे म्हणाल तर तिथेही गंमत आहे. मेटर नावाच्या अमेरिकन संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रामरांकडून त्यांच्या रोजच्या प्रकल्पांतली कामे करून घेतली, काही एआयसह, काही एआयशिवाय. एआय घेतल्यावर त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. आपण 20 टक्के लवकर उरकले, असे मात्र त्यांना शेवटपर्यंत वाटत होते. सोळाच माणसे, आणि साधने तेव्हाची. यावरून सरसकट निकाल काढू नये. पण आपल्याला वाटते ते आणि घड्याळ सांगते ते, यांत इतके अंतर पडू शकते.

नोकऱ्यांबद्दल मात्र मी कुणाला खोटा दिलासा देत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2025 मध्ये अमेरिकेतल्या पगारांच्या नोंदी तपासल्या. 22 ते 25 वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या 2022 च्या अखेरीपासून जवळपास 20 टक्क्यांनी घटली होती. वयाने मोठे असलेले टिकून होते. आपल्याकडे टीसीएसने त्याच वर्षी सुमारे 12 हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआय नाही, असे कंपनीने सांगितले. तरी घराघरांत अर्थ लावायचा तो लावला गेलाच.

मला खरी चिंता पुढची आहे. मी कोड तपासायला शिकले ते पहिली तीन वर्षे कंटाळवाणी कामे करून. तारखा जुळवणे, रिपोर्टातला एक पैशाचा फरक शोधणे, दुसऱ्याच्या कोडमधली चूक रात्री उशिरापर्यंत धुंडाळणे. तीच कामे आता मशीनकडे गेली. मग दहा वर्षांनी नावांच्या त्या यादीवर नजर कुणाची अडकणार?

मिरजेची माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआय वापर, पण त्याची प्रत्येक ओळ रविवारी मला फोनवर समजावून सांग, एवढी एकच अट मी घातली आहे. तिने वडिलांच्या किराणा दुकानासाठी हिशेबाचा प्रोग्राम करून घेतला. 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.3 यायच्या ऐवजी पुढे शून्यांची रांग आणि शेवटी 4 आले. ‘‘खाला, मशीन वेडं झालंय!’’ दोन आठवडे खपून तिने कारण शोधले. आपल्याला जसा एकाचा तिसरा भाग दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा संगणकाला त्याच्या दोन अंकांच्या भाषेत 0.1 पुरा लिहिता येत नाही. म्हणून तिने सगळा हिशेब पूर्ण पैशांत मांडला. एआयला विचारले असते तर उत्तर मिनिटात मिळाले असते. पण आता कुठल्याही बिलाचा कोड दिसला की ती आधी तेच तपासते.

लग्नात विचारणाऱ्या बहिणींना मी सांगते, पोरीला गणिताची आणि चूक शोधायची आवड असेल तर जरूर घाला. शेजारच्यांची गेली म्हणून घालू नका.

आमच्या विभागात पूर्वी दरवर्षी चार-पाच नवी मुले घ्यायचे. यंदा एक जागा मंजूर झाली. आणखी एक मिळावी म्हणून मी लेखी मागणी केली आहे आणि सोबत नावांची ती यादी जोडली आहे. साहेब ‘बघू’ म्हणालेत.