माझा अर्धा तास

काल दिवसभरात तुम्ही एकदा तरी निवांत बसून गरम चहा घेतलात का हो? खरं सांगा! बहुतेकींचा कप ओट्याच्या कडेवरच निवतो, त्यावर साय धरते आणि शेवटी तो आपण उभ्या-उभ्याच घशात ओततो. माझीही कितीतरी वर्षं अशीच गेली.

गोष्ट १९८५ सालच्या पावसाळ्यातली. आम्ही तेव्हा रत्नागिरीत राहत होतो. घरात सासूबाई, हे आणि दोन शाळकरी मुलं. कोकणात पाऊस एकदा लागला की कपडे वाळता वाळत नाहीत. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे. अशाच एका दिवशी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. हे पहिल्या घासाला एवढंच म्हणाले, "आज लक्ष कुठं होतं?" झालं! माझ्या हातातला डाव खणकन मोरीत जाऊन पडला. मुलं ताटावर तशीच बसून राहिली.

रात्री धाकटी कुशीत शिरून म्हणाली, "आई, तू कुणावर रागावली होतीस गं?"

मला उत्तर देता येईना. यांच्यावर म्हणावं, तर ते काही वावगं बोलले नव्हते. मग कुणावर? झोप लागेना, म्हणून दिवसाचा हिशेब मांडू लागले. पहाटे पाचला पाणी, मग डबे, धुणं, सासूबाईंचं औषध, मुलांचा अभ्यास... प्रत्येक तासापुढं कुणाचं ना कुणाचं नाव होतं. माझं नाव मात्र एकाही तासापुढं नव्हतं.

लग्नाआधी मला वाचनाचं भारी वेड. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं. पण नऊ वर्षांत मी तिथं एकदाही गेले नव्हते! त्याच आठवड्यात वर्गणी भरली आणि घरात जाहीर केलं, "दुपारी तीन ते साडेतीन मी वाचणार."

वाटतं तितकं सोपं नव्हतं हं ते. हातात पुस्तक आणि डोक्यात निवडायचे राहिलेले तांदूळ. चोरी केल्यासारखं वाटे. सासूबाई तोंडानं काही बोलत नसत, पण नेमकी तीनलाच त्यांची भांड्यांची आदळआपट सुरू होई.

एके दिवशी मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचत होते. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचा प्रकार वाचून मला एकटीलाच हसू फुटलं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, एवढं काय लिहिलंय त्यात?" मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पदर तोंडाला लावून त्याही हसायला लागल्या. "अगो, आमच्या आजोळी अगदी हेच!"

लग्नानंतर नवऱ्याकडून लिहावाचायला शिकलेली बाई. १८९५ साली नवऱ्यानं धर्म बदलला, तेव्हा आभाळ कोसळलं तिच्यावर. आणि तीच बाई पुढं आपल्या फजितीवर इतकं मोकळं हसते! त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ सालचा, पण सासूबाईंना तो शेजारणीनं सांगितल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी भांडी वाजली नाहीत. हाक आली, "तीन वाजले गं!"

या अर्ध्या तासासाठी काही सोडावंही लागलं. रात्री एकेकाच्या ताटात तव्यावरची पोळी वाढणं मी बंद केलं. पोळ्या करून डब्यात ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं. हे आठवडाभर कुरकुरले, मग सवय झाली. मुलं आपापले बूट पुसायला लागली. नणंदबाईंनी टोमणा मारायचा तो मारलाच! मी काही संत झाले नाही. राग अजूनही येतो. पण तो कुणावर आणि कशाचा, हे आता कळतं.

सासूबाई १९९६ साली गेल्या. शेवटच्या वर्षात त्यांना दिसत नव्हतं, पण तीनची हाक चुकली नाही.

आज माझ्या सुनेकडं धुण्याचं यंत्र आहे, मिक्सर आहे. तरी ती म्हणते, "आई, वेळच नाही." असलेला अर्धा तास मोबाइल गिळतो, हे तिलाही ठाऊक आहे. म्हणून मैत्रिणींनो, थोडं सांगते. वेळ उरेल तेव्हा नको, ठरलेली वेळ धरा. ती घरात सगळ्यांना सांगा. लपूनछपून घेतलेल्या वेळेत जीव रमत नाही. त्यासाठी कुठलं काम सोडायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर तो अर्धा तास तुमच्या झोपेतूनच जाईल. मग वाचा, पेटी वाजवा, नाहीतर नुसत्या खिडकीशी बसा.

आणि हो, आज चहा गाळलात की आधी आपला कप घेऊन खाली बसा बघू!