पदक कुणाचं?

बर्लिनच्या ज्या वस्तीत मी राहते तिचं नाव क्रॉइत्सबेर्ग, म्हणजे क्रॉसची टेकडी. टेकडीवर वास्तुकार शिंकेलनं रचलेलं १८२१चं स्मारक आहे आणि त्याच्या टोकाला आयर्न क्रॉस. माझ्या घराचा पत्ताच एका लष्करी पदकावरून पडला आहे, हे कळल्यावर मी त्या पदकाच्या मागे लागले ती लागलेच.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यानं नेपोलियनशी लढणाऱ्यांसाठी ते काढलं. तारीख धरली १० मार्च १८१३, त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझचा जन्मदिवस. तेव्हा प्रशियातल्या बायका अंगावरचं सोनं देशाला देऊन लोखंडाचे दागिने घालत होत्या. पदकही लोखंडाचंच निघालं, आणि शिपाई असो की सेनापती, दोघांना सारखंच मिळू लागलं. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ला ते पुन्हा सुरू झालं.

रविवारी सकाळी मी भिंग आणि छोटं लोहचुंबक खिशात टाकून जुन्या बाजारात जाते. १९१४चा दुसऱ्या श्रेणीचा क्रॉस तळहातावर घेतला की आधी त्याची कड बघायची. मधे काळं लोखंड, भोवती चांदीची चौकट. चौकटीच्या पुढच्या आणि मागच्या भागाची झाळ कडेला बारीक रेघेसारखी दिसते. एकसंध ओतलेल्या नकलेला ती नसते. लोहचुंबक गाभ्याला चिकटायला हवं. पुढच्या बाजूला मुकुट, कैसर विल्हेल्मचं ‘डब्ल्यू’ अक्षर आणि १९१४. मागे ओकची पानं आणि १८१३. एका टोकाचा काळा रंग उडालेला असला, चांदी काळवंडलेली असली, तर वहीत तसंच्या तसं लिहायचं. घासूनपुसून चकचकीत केलेलं पदक मी घेत नाही.

हे सगळं लिहून झालं तरी मुख्य गोष्ट राहते. पदक कुणाचं? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर आणि पलटण असते. आयर्न क्रॉसवर नाव नसतं. लाखोंनी वाटलेल्या त्या क्रॉसचा माणूस सांगतो तो फक्त पदकासोबत दिलेला प्रमाणपत्राचा कागद. आणि बाजारात तोच कागद वेगळा काढून विकतात, कारण दोन वस्तूंचे दोनदा पैसे येतात. हे मला सहन होत नाही.

एका टेबलावर मला काळा रोगण दिलेला, तलवारी नसलेला क्रॉस मिळाला. १९३४मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या नावानं पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी सन्मान-क्रॉस निघाला, त्यातला हा काळा प्रकार मेलेल्या सैनिकांच्या विधवांना आणि आईबापांना देत. त्याचा कागद शेजारच्या खोक्यात, जुन्या पोस्टकार्डांत पडला होता. मी दोन्ही घेतलं. कागदावर एका आईचं नाव आहे, आणि वर ठळक छापलंय की हा क्रॉस फ्यूररच्या नावानं दिला आहे. मुलगा कैसरच्या युद्धात गेला आणि पोचपावती आली हिटलरच्या नावानं. हाच सन्मान-क्रॉस जर्मनीसाठी लढलेल्या ज्यू सैनिकांनाही मिळाला. पहिल्या महायुद्धात सुमारे १२,००० ज्यू सैनिक जर्मनीच्या बाजूनं मारले गेले. बर्लिनमधल्या वाइसनझेच्या ज्यू दफनभूमीत त्यांच्यातल्या काहींच्या कबरींची रांग आहे. वर्णनात ‘काळा क्रॉस, स्थिती चांगली’ एवढंच लिहिलं, तर यातलं काहीच उरत नाही.

नाझींचं स्वस्तिक कोरलेल्या पदकांना मी हात लावत नाही. इथले विक्रेतेही कायद्यामुळे त्या चिन्हावर कागदाचा तुकडा चिकटवून ठेवतात.

आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश पदक देवघराच्या फळीवर किंवा ट्रंकेत असेल. त्या युद्धात मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. तुमच्या घरी असं पदक असेल तर दसऱ्याला ते चिंचेनं घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. भिंगातून नाव आणि नंबर वाचा, कागदावर उतरवा, आणि तो कागद पदकासोबत त्याच डबीत ठेवा.