वसुलीवाल्याला उलट प्रश्न

मंगळवार, रात्र

संध्याकाळी शेजारच्या काकू फोन हातात धरूनच आल्या. पलीकडे कुणी 'वसुली विभागाचा' साहेब. कर्ज थकलंय, तासाभरात भरा, नाहीतर पोलीस दारात. काकूंनी जन्मात कर्ज काढलेलं नाही. तरी घाम फुटलेला. आपल्या कामठीत पैशापेक्षा चारचौघांतल्या इभ्रतीची धास्ती मोठी, आणि हे ठग नेमके तिथेच बोट ठेवतात.

फोन पुन्हा वाजला तेव्हा मी घेतला. बँक कोणती, शाखा कोणती, कर्ज कधीचं? लेखी नोटीस पाठवा म्हटलं, तर साहेबांचा आवाज चढला आणि भलत्याच नावाचा यूपीआय आयडी पुढे आला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नसतो. घड्याळात साडेआठ झाले होते. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, हेही काकूंना सांगितलं.

मग त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला; वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नावावर काहीच नव्हतं. त्या ठगाचा नंबर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' सुविधेत कळवला. पैसे गेले असते, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावावा लागला असता.

काकू निर्धास्त झाल्या. पण ज्याचा हप्ता खरोखरच थकलाय, तो हे प्रश्न विचारायला कचरतो. त्यानेच ते आधी विचारावेत. कर्ज फेडायचं कबूल केलंय, शिव्या ऐकायचं नाही.