कंठ कोणाचा, कीर्ती कोणाची?

कीर्ती चंचल आहे, हे जुन्या सुभाषितांपासून आजच्या वृत्तपत्रांपर्यंत सर्वांनी एकमुखाने सांगितले आहे. ती कोणाच्या घरी किती दिवस राहते, याचा विचार पुष्कळ झाला. परंतु ती मुळात योग्य घरी येते, की घर चुकून शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसते, हा विचार त्या मानाने थोडा झाला. बैठकीतल्या गवयाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तो आपल्यापासून चार हातांवर बसलेला असतो. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात, ठसका लागला तर तोही ऐकू येतो. कंठ आणि चेहरा यांची तेथे फारकत होऊ शकत नाही. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांना पॉप गायक म्हणून जगाने डोक्यावर घेतले, त्यांच्या कीर्तीचा हिशेब इतका सरळ नाही. त्यांपैकी कित्येकांचे तेज आज मावळले आहे; आणि मावळल्यावरच असला हिशेब शांतपणे तपासता येतो, म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे.

आमच्या शाळाकॉलेजच्या दिवसांत, म्हणजे १९८०च्या दशकात, इंग्रजी गाणे म्हटले की ज्या थोड्या मंडळींची नावे आमच्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी मुलांच्या तोंडी येत, त्यांत 'बोनी एम.' हे नाव अग्रभागी असे. गाण्याचे शब्द निम्मे कळत नसत; पण चाल अशी की वरातीतल्या बँडवाल्यांनीही ती उचलावी. कॅसेटच्या वेष्टनावर चमचमत्या पोशाखातील तीन स्त्रिया आणि एक पुरुष असत. तो पुरुष म्हणजे अरुबा बेटावरचा बॉबी फॅरेल. त्याच्या अंगात जणू हाडे नव्हतीच, असे त्याचे नृत्य. आणि त्या गाण्यांतील घनगंभीर पुरुषी आवाज हाही त्याच देहातून येत असणार, असे ऐकणारे गृहीत धरीत.

वस्तुस्थिती निराळी होती. हा आवाज फ्रँक फारियान नावाच्या जर्मन निर्मात्याचा. फारियान मूळचा आचाऱ्याचे काम शिकलेला. पुढे गाण्याच्या धंद्यात पडला. त्याने १९७५ साली एक गाणे स्वतःच गाऊन ध्वनिमुद्रित केले आणि त्यावर 'बोनी एम.' हे नाव घातले. गाणे चालले, तेव्हा ते लोकांसमोर साकार करावयास माणसे हवी झाली, आणि मग ती शोधून आणण्यात आली. नाव आधी, गाणे आधी आणि माणसे मागाहून, असा हा उलटा संसार! लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या दोघी खरोखर गात. मेझी विल्यम्स आणि फॅरेल यांचे आवाज त्या तबकड्यांवर नव्हते. १९७८ साली या चौघांच्या नावावरील 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' या गाण्याच्या एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे २० लाख प्रती खपल्या. त्या गाण्याचे शब्द बायबलातील स्तोत्रांचे, आणि चाल जमेकातील 'मेलोडियन्स' या त्रयीने १९७० साली बांधलेली. म्हणजे कीर्तीच्या त्या एका राशीत किती जणांचे धान्य मिसळले होते, हे वाचकांनीच मोजावे! आवाजाचे हे गुपित पुढे फुटले. पण लोकांनी त्याचे फारसे मनावर घेतले नाही.

मनावर घेण्याची वेळ पुढच्या वेळी आली. याच फारियानने १९८८ साली 'मिली व्हॅनिली' या नावाने दोन देखणे तरुण उभे केले. एक रॉब पिलाटस, दुसरा फॅब मॉर्व्हान. लांब वेण्यांचे केस, रुंद खांद्यांचे कोट, पायांत वीज. गाणी मात्र जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल, चार्ल्स शॉ अशा मंडळींनी गायिलेली. १९८९च्या जुलैत अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका कार्यक्रमात, हे दोघे भर मंचावर असताना, मागे वाजत असलेले ध्वनिमुद्रण अडकले आणि एकच तुकडा पुनःपुन्हा उच्चारू लागले. पिलाटस मंच सोडून पळाला. तरीही १९९०च्या फेब्रुवारीत त्यांना उत्तम नवोदित कलावंतांचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फारियानने सर्व प्रकार जाहीर केला, आणि थोड्याच दिवसांत ते पारितोषिक काढून घेण्यात आले.

ही बातमी आली तेव्हा आम्ही पुण्यास एका वसतिगृहात राहून पदवीचा अभ्यास करीत होतो. आमच्या खोलीतील एका सोबत्याच्या भिंतीवर या जोडीचे मोठे चित्र होते. त्याने ते त्याच संध्याकाळी उतरविले आणि फाडून टाकिले. त्याचा संताप खरा होता. आपणांस कोणी मूर्ख बनविले ही जाणीव विसाव्या वर्षी फार झोंबते. परंतु त्यांची कॅसेट मात्र त्याने फेकिली नाही. ती पुढेही वाजत असे. फक्त दार लावून. आम्हांस त्याच्या या वर्तनात तेव्हाही काही विसंगत वाटले नाही. चित्र फसवे होते. गाणे फसवे नव्हते. ते कोणा तरी खऱ्या माणसाने खऱ्या गळ्याने गायिलेले होते.

अमेरिकेत मात्र लोक न्यायालयात गेले. ज्यांनी तबकड्या विकत घेतल्या होत्या त्यांना थोडा पैसा परत मिळावा, अशी तडजोड तेथे मान्य झाली. या तडजोडीतील तत्त्व मोठे विचारात टाकणारे आहे. तबकडीतील एक स्वरही बदललेला नव्हता. काल जो आवाज गोड होता तोच आज होता. मग ग्राहकाचे गेले ते काय? उत्तर एकच: त्याने आवाजाबरोबर एक चेहराही विकत घेतला होता, आणि त्या दोहोंमध्ये जे नाते आहे असे त्याला सांगितले गेले, ते नव्हते.

येथे कोणी म्हणेल, चेहरे कुचकामी आणि गळे तेवढे खरे. पण इतिहास तसेही म्हणू देत नाही. १९९१ साली खऱ्या गायकांना पुढे करून फारियानने नवी ध्वनिमुद्रिका काढिली. ती पूर्वीच्या यशाच्या जवळपासही गेली नाही. १९९३ साली पिलाटस आणि मॉर्व्हान यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रिका काढिली. तिच्या जेमतेम २,००० प्रती खपल्या. लोकांना हवा होता तो या दोहोंचा संयोग, आणि तो तर आता निषिद्ध ठरला होता. १९९८च्या एप्रिलमध्ये पिलाटस जर्मनीतील एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. तेव्हा त्याचे वय ३३ होते. लबाडीचा नफा ज्यांनी खाल्ला ते अनेक होते. तिचा दंड भरला तो मुख्यतः ज्यांचा चेहरा होता त्यांनी.

आता आपल्याकडे वळू. भारतीय माणसास ही कथा ऐकून प्रथम जो प्रश्न पडतो तो असा, की यात गुन्हा तो कोणता? आमच्या चित्रपटांत नायिका ओठ हालविते आणि गाते दुसरीच, हे शेंबडे पोरही जाणते, आणि कोणी पैसे परत मागत नाही. हे नेहमीच असे नव्हते. आमची संगीत रंगभूमी गाणाऱ्या नटांची होती. बालगंधर्वांची भूमिका आणि बालगंधर्वांचा स्वर ही एकच वस्तू होती. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटातही गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच म्हटली. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये पार्श्वगायनाची प्रथा सुरू झाली, आणि हळूहळू कंठ एकीकडे व देह दुसरीकडे अशी वाटणी झाली. या वाटणीचा सारा इतिहास मंगेशकरांच्या एका घरात पाहावयास मिळतो. मास्टर दीनानाथ रंगभूमीवर स्वतः उभे राहून गात. त्यांच्या कन्येने पडद्यावर न दिसता अर्ध्या शतकाहून अधिक काळ गायिले.

परंतु ही प्रथा आमच्याकडे जन्मापासून निर्मळ होती, असे मानण्याचे कारण नाही. १९४९च्या 'महल' चित्रपटातील ज्या गाण्याने लता मंगेशकरांचा आवाज देशभर गेला, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते 'कामिनी' – म्हणजे मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे! गाणारी कोण, हे श्रोत्यांनी विचारावे तेव्हा समजावे. फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली सुरू झाली. त्यांत पार्श्वगायनास स्थान मिळावयास १९५९ साल उजाडावे लागले, आणि तेही गाणाऱ्यांनी आग्रह धरला तेव्हा. म्हणजे फारियानने जे केले ते आमच्या व्यवसायानेही केले होते. भेद इतकाच, की आमच्या गायकांनी आपले नाव वेळीच मागून घेतले, आणि समाजाने ते दिले. नाव मिळताच लबाडी संपली आणि कला उरली. पडद्यावरील मधुबालेचे सौंदर्य त्यामुळे तिळभरही उणे झाले नाही.

आमचा सिद्धान्त तो हाच. परक्याच्या कंठाने बोलणे हे पाप नव्हे. त्या कंठाचे नाव दडविणे हे पाप होय. आणि हा सिद्धान्त आम्ही तटस्थपणे मांडीत नाही, कारण आमचे पोट त्यावर चालते. गेली तीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवितो. वर्गात उभे राहून जे बोलतो त्यातील उत्तम भाग शेक्सपिअरचा, मिल्टनचा किंवा कीट्सचा असतो. वर्ग स्तब्ध होतो, मागच्या बाकावरच्या मुलांचे कुजबुजणे थांबते, एखादी मुलगी तास संपल्यावर डोळे पुसते. आणि या साऱ्याचे श्रेय क्षणभर आमच्या चेहऱ्याकडे येते. शिक्षक हाही एक ओठ हालविणारा नटच आहे. त्याची अब्रू एवढ्याच एका गोष्टीने राहते, की गाणे कोणाचे हे तो पहिल्या वाक्यात सांगतो.

हे सांगण्याची निकड अलीकडे वाढली आहे. आता गळ्याचीही गरज उरलेली नाही. १९२३ नव्हे, २०२३ सालच्या एप्रिलमध्ये ड्रेक आणि द वीकेंड या दोन नामांकित गायकांच्या आवाजांत एक गाणे प्रसृत झाले, जे त्या दोघांनी कधीच गायिले नव्हते. ते आवाज यंत्राने घडविले होते. उलटपक्षी, २०२४ साली ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तामिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्याच साह्याने योजिले. परंतु त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेतली, त्यांना मोबदला दिला, आणि गायकांची नावे उघड सांगितली. यंत्र तेच, पण पहिला प्रकार 'मिली व्हॅनिली'चा, दुसरा पार्श्वगायनाचा.

आमच्या टेबलावरही आता असे निबंध येतात, की ज्यांतील इंग्रजी त्या मुलांच्या तोंडी आम्ही कधी ऐकले नाही. काही सहकारी अशा निबंधांवर शून्य गुण देतात. आम्हांस ते जड जाते. पिलाटस आणि मॉर्व्हान हेही विशीतले होते, आणि त्यांना पुढे करणारे वयाने व अकलेने मोठे होते. आम्ही मुलांना एवढेच सांगतो, की जो आवाज तुमचा नाही त्याचे नाव निबंधाच्या माथ्यावर लिहा, आणि खाली चार ओळी तरी अशा लिहा की ज्या केवळ तुमच्याच गळ्यातून निघू शकतील. त्या चार ओळी बहुधा अशुद्ध असतात. आम्ही गुण त्यांनाच देतो.

ज्यांच्यापासून हा हिशेब सुरू झाला त्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. बॉबी फॅरेल आपल्या जुन्या गाण्यांचे कार्यक्रम अखेरपर्यंत करीत राहिला. ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे तो वारला. ज्या रास्पुतिनवरच्या १९७८ सालच्या गाण्यावर तो नाचत असे, त्या रास्पुतिनचा खून त्याच शहरात, १९१६ साली, नव्या कालगणनेने त्याच तारखेस झाला होता. फारियान २०२४च्या जानेवारीत, ८२व्या वर्षी गेला. २०२१ साली त्याच गाण्याला नवा साज चढवून ते पुन्हा प्रसृत करण्यात आले आणि ज्या मुलांनी 'बोनी एम.' हे नाव ऐकले नव्हते तीही त्यावर नाचली. कीर्ती गेली, गाणे राहिले. गाण्यास हे पुरते. माणसास पुरतेच असे नाही.

म्हणून मॉर्व्हानची हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटते. तो खचला नाही. लोकांनी हसावे तितके हसू दिले आणि स्वतःच्या आवाजात गात राहिला. आपल्या आयुष्याची कथा त्याने लिहिली आणि ती स्वतःच वाचून ध्वनिमुद्रित केली. २०२५च्या नोव्हेंबरात ज्या वाचनांची ग्रॅमी पारितोषिकासाठी निवड झाली, त्यांत हेही एक होते. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या दारातून त्याला परत पाठविले होते त्याच दारात तो पुन्हा उभा राहिला, आणि या खेपेस त्याच्याजवळ जे होते, ते परत मागून घेणे कोणालाही शक्य नव्हते.